दहा श्वास, एक मणी : डॉक्टर पोचले नाहीत तिथे कोण पोचलं?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना दोन-तीनदा अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका बगने करतो. माझ्याच बगने.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक ॲप आलं. गावात घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासणाऱ्या आशाताईंसाठी ते होतं. बाळाच्या घरी जायचं, वजन, ताप, श्वास नोंदवायचा आणि सबमिट दाबायचं. वरून सूचना आली की भेट खरंच झाली का हे कळलं पाहिजे. मी फॉर्ममध्ये लोकेशन कंपल्सरी करून टाकलं. दोन ओळींचा कोड, दहा मिनिटांचं काम.

महिन्याभराने आम्ही फील्डवर गेलो तेव्हा कळलं काय झालंय ते. वस्तीवर रेंजच नाही. ताई भेट करायची, वहीत लिहायची, आणि रात्री स्वयंपाकपाणी उरकून घराच्या गच्चीवर जाऊन फॉर्म भरायची. लोकेशन यायचं तिच्याच गच्चीचं. आमची सिस्टीम त्या नोंदीवर लाल खूण करायची : 'संशयास्पद'. आणि आशाताईला पैसे मिळतात ते नोंदीवर. तिचे पैसे अडकले.

ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, "दादा, बाळाच्या घरी मी गेलेच होते. तुमचा मोबाईल नव्हता गेला."

हे वाक्य डोक्यातून जाईना. बग आम्ही सुधारला, पण मला प्रश्न पडला की ही बाई सरकारी यंत्रणेत आली कुठून? तिच्यावर आपण बाळाचा जीव सोपवतो, मग ती खरं सांगतेय यावर विश्वास का ठेवत नाही? याचं उत्तर शोधत मागे मागे गेलो, ते थेट १९४३ पर्यंत पोचलो.

नाशिकचे भोर आणि ४०,००० लोकांमागे एक केंद्र

१९४३ साली ब्रिटिश सरकारने एक समिती नेमली. देशाच्या आरोग्याची पाहणी करायची आणि पुढची योजना आखायची. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, सनदी अधिकारी. अहवाल आला १९४६ मध्ये, चार खंडांत. यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांना 'भोर कमिटी' हे नाव पाठ असतं, पण आत काय आहे ते फार कमी जण बघतात.

तेव्हा भारतात जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान होतं साधारण २७ वर्षं. २७! मी आत्ता जवळपास तेवढ्याच वयाचा आहे. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६० च्या आसपास बाळं वर्षाच्या आत जायची.

माझ्या आजीला सात मुलं झाली. मला काका-आत्या धरून चारच माहीत. उरलेल्या तिघांबद्दल मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "ती राहिली नाहीत." बस. कशाने गेली, किती महिन्यांची होती, काही नाही. त्या आकड्याचा अर्थ मला अहवालापेक्षा तिच्या त्या तीन शब्दांत जास्त कळला.

भोर समितीचं म्हणणं आजही वाचावं असं आहे. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाता कामा नयेत. आरोग्यसेवेचा भर खेड्यावर हवा. उपचार आणि रोगप्रतिबंध वेगळे ठेवू नका. त्यासाठी सुरुवातीला दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र काढा. आज आपण ज्याला 'पीएचसी' म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. पहिली केंद्रं १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर सुरू झाली.

पण त्याच अहवालात आणखी एक निर्णय होता.

त्या काळी देशात नोंदणीकृत डॉक्टर होते साधारण ४७,५००. त्यातले जवळजवळ ३०,००० पदवीधर नव्हते. ते होते 'लायसेन्शिएट', म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेले. आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं 'एलएमपी डॉक्टर' किंवा 'एलसीपीएस डॉक्टर' म्हणायची, ते हेच. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल अशाच डॉक्टरांना घडवायचं. तालुक्याच्या गावी पाटी लावून बसलेला डॉक्टर बऱ्याचदा असाच असायचा.

समितीतल्या बहुमताचं मत पडलं की हे बंद करावं. देशाकडे पैसा थोडा आहे, तो एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला 'बेसिक डॉक्टर' तयार करण्यात घालावा. काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला : डॉक्टर आधीच इतके कमी, त्यात हा मार्ग बंद केला तर खेड्यात जाणार कोण? बहुमत जिंकलं. मेडिकल स्कूलं एकेक करून कॉलेजं झाली. पुण्याचं बी. जे. तर १९४६ मध्येच कॉलेज झालं.

बहुमताचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यायचा, हा प्रश्न रास्तच होता. पण झालं असं की पूर्ण शिकलेला डॉक्टर शहरात राहिला, आणि खेड्याला कमी शिकलेलाही मिळेना.

मग खेडंच शहराकडे चालू लागलं. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटल १९२६ पासून, जवळच टाटा मेमोरियल १९४१ पासून. कधी रात्री त्या रस्त्याने गेलात तर फुटपाथवर चादरी टाकून झोपलेली माणसं दिसतील. फाईल उशाशी, स्टोव्ह पायाशी. ती मुंबईची नसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्पदरात राहतात, म्हणून निदान काहींच्या डोक्यावर छप्पर असतं. देशातले उत्तम डॉक्टर ज्या भिंतीच्या आत, त्याच भिंतीबाहेर ही रांग.

जामखेड : आधी पाणी, मग औषध

१९७० साली दोन डॉक्टर उलट्या दिशेने निघाले. रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते आले थेट जामखेडला. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. कायमचा दुष्काळी भाग, ऊसतोडीला जाणाऱ्यांचा.

त्यांनी काम सुरू केलं आणि लगेच ७२ चा दुष्काळ आला. लोक म्हणाले, औषधाचं नंतर बघू, आधी पाणी द्या. विहिरी-बोअर घ्यायचे ठरले. आरोळ्यांनी पाण्याच्या जागा शोधायला सांगितल्या त्या दलित वस्तीतच. म्हणजे पाणी लागलं की सगळ्या गावाला तिथे यावं लागणार. आरोग्याच्या प्रकल्पातली ही चाल मला अजून थक्क करते. जातीचं नाव न घेता, एका बोअरच्या जागेवरून त्यांनी गावाला सांगितलं की तुमचा आजार नुसता जंतूंचा नाही.

आता मुख्य गोष्ट. गावात आरोग्याचं काम करायला त्यांनी आधी शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. जमेना. तरुण, बाहेरगावची, एकटी मुलगी; तिला गावात राहणं अवघड, आणि बायका तिचं ऐकेनात. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. गावानेच सुचवायची, पोक्त, मुलंबाळं असलेली. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बऱ्याच दलित होत्या.

या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या. मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच ठिकाणी झोपायच्या, जात कुठलीही असो. बाळंतपण सुरक्षित कसं करायचं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखायचा, लस का टोचायची, हे शिकायच्या. परत जाऊन करायच्या. पुढच्या आठवड्यात अडचणी घेऊन पुन्हा यायच्या. आणि त्यांच्या मागे जामखेडचं हॉस्पिटल उभं असायचं. आपल्या हाताबाहेरची केस आहे असं त्या म्हणाल्या की पेशंट तिथे पोचवता यायचा.

१९७१ मध्ये त्या गावांत हजारी १७६ बाळं दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य'ची घोषणा झाली, तिच्या पाठीमागे चीनचे अनवाणी डॉक्टर होते तसंच जामखेडही होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि १९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या लखलखत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, त्याचा आशय असा : तुम्ही डॉक्टर या दिव्यांसारखे, सुंदर पण महाग. आम्ही साध्या पणत्या. पण पणतीवरून दुसरी पणती लावता येते, तसं त्या दिव्यांना जमत नाही.

पन्नास रुपयांचा स्वयंसेवक

एवढं यश दिसल्यावर सरकार हे देशभर करणारच. केलंही. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. हजार लोकांमागे एक माणूस, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये मानधन.

आमच्या धंद्यात एक गोष्ट नेहमी होते. छोट्या टीमने केलेलं प्रॉडक्ट चालतं, मग मोठी कंपनी त्याची नक्कल करते. स्क्रीन तश्शाच उतरवते, पण मागे काय चालू होतं ते बघत नाही. इथे तेच झालं. निवडले गेलेले बहुतेक जण पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जाणार कसा? बऱ्याच ठिकाणी नाव गावाऐवजी पुढाऱ्याने ठरवलं. दर आठवड्याची शिकवणी नाही, अडलं तर विचारायला कुणी नाही, पेटीतली औषधं संपली की संपली. योजनेची नावं बदलली : आधी कार्यकर्ता, मग स्वयंसेवक, १९८१ मध्ये 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक'. ५० रुपये मात्र वर्षानुवर्षं ५० च राहिले. २००२ च्या सुमारास केंद्राने पैसे देणंच थांबवलं.

जामखेडची प्रत्येक गोष्ट आदर्श होती असं नाही. तिथल्या बायकांचं कामही बऱ्याच अंशी स्वयंसेवीच होतं. पण तिथे तिला पगाराऐवजी दुसरं काहीतरी मिळत होतं : शिक्षण, गावात मान, जोडधंद्याला मदत, आणि दर आठवड्याला तिचं म्हणणं ऐकणारा डॉक्टर. सरकारी नकलेत पगारही नव्हता आणि हेही नव्हतं.

दहा श्वास, एक मणी

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गडचिरोली, १९८६. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. योगायोग बघा, हेही जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलेले. त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली.

तिथे लहान मुलं मरत होती त्यात मोठं कारण होतं न्यूमोनिया. तो ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. त्याहून मोठं, वर्षाच्या आतलं असेल तर ५०. पण गावातल्या दाईला ५० पर्यंत मोजताच येत नसेल तर?

त्यांनी एक साधं उपकरण बनवलं. एका बाजूला मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दुसरीकडे तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हिरवे मणी संपून लाल मणी सरकवायची वेळ आली आणि वाळू अजून पडतेच आहे, तर न्यूमोनिया. औषध सुरू करा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्धा तास नुसता बसून होतो. अहो, यूजर इंटरफेस म्हणजे दुसरं काय असतं! बॅटरी नाही, भाषा नाही, लॉगिन नाही. आणि बनवणाऱ्याने सुरुवात कुठून केली बघा : दाईला दहापर्यंत मोजता येतं, मग पुढचं ओझं मण्यावर टाकू. मी सुरुवात केली होती ती ताई खोटं बोलत असेल या शंकेवरून.

पुढचं पाऊल आणखी धाडसाचं. न्यूमोनियाने मरणाऱ्या मुलांचा हिशेब लागला, पण पहिल्या २८ दिवसांत जाणारी बाळं उरलीच होती. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर हॉस्पिटलमध्ये न्यायचं, हा वैद्यकशास्त्राचा नियम. पण हॉस्पिटल लांब, आणि बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. म्हणून त्यांनी गावातल्या बायकांना शिकवलं. नाव दिलं 'आरोग्यदूत'. बाळाला ऊब द्यायची, वजन करायचं, बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच अँटिबायोटिक द्यायचं. इंजेक्शनसुद्धा.

३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला : तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी.

१९४६ मध्ये ज्या प्रश्नावर समितीत फूट पडली होती, 'कमी शिकलेल्या माणसाच्या हाती उपचार द्यायचे का', त्याला गडचिरोलीने आकड्यांत उत्तर दिलं. द्यायचे, पण नीट शिकवून, मोजून आणि तिच्या मागे उभं राहून.

आशा : काम पक्कं, पैसे कच्चे

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि 'आशा' आली. साधारण हजार लोकांमागे एक. या वेळी सरकारने मागच्या दोन चुका टाळल्या : बाईच निवडायची आणि गावातलीच. २०११ मध्ये गडचिरोलीचं मॉडेल देशपातळीवर आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी जायचं : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. इंजेक्शन मात्र आशाच्या पिशवीत आलं नाही.

मी ज्या फॉर्ममध्ये लोकेशन घातलं होतं तो याच भेटींचा. एखाद्या भेटीची नोंद बाद झाली की सगळा हिशेब अडकतो.

कागदोपत्री आशा आजही 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला आणि वर सरकार वाढवत आलेलं थोडं मानधन. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, आझाद मैदानात मुक्काम ठोकून बसल्या. एकच बाई, दोन वर्षांच्या आत.

हे फक्त खेड्याचं दुखणं आहे असं समजू नका. मुंबईत महापालिकेच्या आरोग्यसेविका वस्त्यावस्त्यांत हेच काम करतात. त्याही 'स्वयंसेविका', त्याही मानधनावर, त्याही वर्षानुवर्षं हक्कासाठी भांडतायत. २०२० मध्ये आपण घरात लॅपटॉप उघडून बसलो होतो तेव्हा धारावीच्या गल्लीत आणि आपल्या गावी दार वाजवून ऑक्सिजन तपासणारी बाई याच दोघींपैकी एक होती. गाव आणि महानगर यांच्यात एवढी दरी, पण दोन्हीकडे दार वाजवणाऱ्या बाईचा दर्जा मात्र सारखाच.

सगळा इतिहास एका ओळीत सांगायचा तर मी असं म्हणेन : गावातल्या बाईला काम जमेल का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पन्नास वर्षांपूर्वी मिळालंय. तिला कामगार मानायचं का, याचं उत्तर द्यायचं आपण टाळतोय.

ॲपमध्ये पुढे काय झालं ते सांगून थांबतो. लोकेशन काढलं. फॉर्म रेंजशिवाय सेव्ह होईल असं केलं. 'संशयास्पद' हा शब्दच स्क्रीनवरून काढला. आणि पुढच्या व्हर्जनच्या आधी चार ताईंसोबत दोन दिवस बसलो. त्यातल्या एकीने विचारलं की नोंद वहीत असते, तर वहीचाच फोटो काढून का चालत नाही? आमच्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. अडकलेले पैसे तिसऱ्या महिन्यात सुटले. तीन महिने. माझा पगार तीन महिने थांबला असता तर मी काय केलं असतं, याचा विचार करून बघितला.

आजी आता नाही. तिच्या काळात सहा वेळा दार वाजवणारी ताई असती तर मला कदाचित सहा काका-आत्या असत्या.

तुमच्या गावात किंवा वॉर्डात जी ताई येते तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर पुढच्या वेळी ती आली की विचारा, आणि पाणी विचारा. तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, माझा स्वतःचा अनुभव आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!